जिल्हा कोर्टात अपील फेटाळलं, आता हायकोर्ट : सेकंड अपील दाखल करण्याची सविस्तर माहिती

तालुक्याच्या कोर्टात दावा हरला, जिल्हा कोर्टात अपील केलं, तेही फेटाळलं. आता पुढे काय, असं विचारत माणसं येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी असते. पिशवीत सातबाऱ्याचे जुने उतारे, दोन-चार नोटिसा, फेरफाराची झेरॉक्स. निकालाची नक्कल मात्र नसते.

काही वर्षांपूर्वी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा असेच आले होते. जमीन सव्वा एकर, वाद चुलतभावाशी. जिल्हा कोर्टाचा निकाल लागून अकरा महिने झालेले. "कोर्टाकडनं कागद येईल म्हणून थांबलो हुतो," म्हणाले. कोर्टाकडून कागद आपणहून येत नाही, तो मागावा लागतो, एवढी एक गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. पुढे त्यांच्या उशीर माफ करण्याच्या अर्जावरच दीड वर्ष गेलं. जमीन कुणाची, हा प्रश्न तोवर कोर्टापुढे आलाच नाही. ते मला अजून लागून राहिलंय, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे.

यात बोलतो आहे ते दिवाणी दाव्यांबद्दल आणि मुंबई उच्च न्यायालयातल्या दुसऱ्या अपिलाबद्दल, म्हणजे ज्याला सगळे सेकंड अपील म्हणतात त्याबद्दल. वकील तुम्ही लावालच. पण वकिलाला काय आणि कधी द्यायचं, हे पक्षकाराला माहीत असेल तर अर्धी लढाई सोपी होते.

आधी दार बरोबर आहे का ते बघा

दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांनी हुकूमनामा (डिक्री, म्हणजे निकालानुसार निघणारा कोर्टाचा अंतिम हुकूम) दिला की त्यावर पहिलं अपील जिल्हा न्यायालयात. त्याची मुदत ३० दिवस. जिल्हा न्यायालयाने त्या अपिलात निकाल दिला की त्यावर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १०० खाली दुसरं अपील हायकोर्टात. मोठ्या मूल्याच्या दाव्यांत पहिलं अपीलच थेट हायकोर्टात जातं. त्याला फर्स्ट अपील म्हणतात, आणि तिथे साक्षीपुराव्यावरही बोलता येतं. तुमचं प्रकरण त्या प्रकारचं असेल तर या लेखातलं मुदतीचं गणित लागू पडेल, पण कायद्याच्या प्रश्नाबद्दल जे पुढे म्हटलंय ते लागू नाही.

दुसरं अपील सगळ्यांनाच मिळत नाही. मूळ दावा २५,००० रुपयांपर्यंतच्या पैशांच्या वसुलीचा असेल तर कलम १०२ प्रमाणे दुसरं अपील चालत नाही. दोन्ही बाजूंनी तडजोड करून घेतलेल्या हुकूमनाम्यावर तर पहिलंच अपील नाही. दावा चालू असताना झालेल्या मधल्या आदेशांसाठी, उदाहरणार्थ दुरुस्ती अर्ज फेटाळला वगैरे, सेकंड अपिलाचा रस्ताच नसतो; तिथे संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली रिट याचिका करतात. जिल्हा कोर्टाच्या निकालात डोळ्यांना दिसणारी उघड चूक असेल, गट नंबर चुकलाय, क्षेत्राची बेरीज चुकलीय, तर त्याच कोर्टात पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो, त्याची मुदत ३० दिवस. पण पुनर्विलोकन म्हणजे तोच युक्तिवाद त्याच न्यायाधीशांपुढे पुन्हा करण्याची संधी नव्हे. लोक तिथे सहा-सहा महिने घालवतात आणि तोवर अपिलाची मुदत उलटून जाते.

नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच

निकाल जाहीर झाला की वकिलाशी भांडायला, रडायला, घरी फोन करायला वेळ आहे. आधी नक्कल विभागात अर्ज द्या. निकालपत्राची आणि हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल मागा. तालुका कोर्टाच्या निकालाची प्रमाणित नक्कल जिल्हा कोर्टात अपील करताना लावलेली असते, म्हणून आपल्याकडे ती उरलेली नसते. तीही पुन्हा मागावी लागते, कारण हायकोर्टाला दोन्ही कोर्टांचे निकाल लागतात. दाव्याची प्रत, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), कोर्टाने काढलेले मुद्दे, महत्त्वाच्या साक्षी आणि ज्यांच्यावर वाद फिरतोय ते निशाणीचे (पुराव्यात घेऊन कोर्टाने क्रमांक दिलेले) कागद, यांच्याही नकला त्याच फेरीत काढून ठेवा. इ-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर निकालाची प्रत वाचायला मिळते, ती वकिलाला पाठवून काम सुरू करायला उपयोगी आहे. दाखल करायला मात्र शिक्क्याची नक्कलच हवी.

नक्कल हातात आली की शेवटचं पान उलटून बघा. तिथे एक शिक्का असतो आणि त्यात शाईने भरलेल्या तारखा: अर्ज केव्हा आला, नक्कल केव्हा तयार झाली, केव्हा दिली. कधी कधी हे आकडे इतके पुसट असतात की तीन आहे की आठ ते कळत नाही. तिथल्या तिथे लिपिकाला दाखवून स्पष्ट करून घ्या. तुमची मुदत या तारखांवर मोजली जाणार आहे.

९० दिवस कसे मोजायचे

हायकोर्टातल्या अपिलाला मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ११६ प्रमाणे हुकूमनाम्याच्या तारखेपासून ९० दिवस मिळतात. कलम १२ प्रमाणे निकालाचा दिवस मोजायचा नाही आणि नक्कल मिळायला लागलेला वेळ वगळायचा. हे तोंडी सांगितलं की सगळे मान डोलावतात आणि घरी जाऊन चुकतात, म्हणून उदाहरण घेऊ.

समजा निकाल १ जुलैला लागला. ३ जुलैला नकलेचा अर्ज दिला. १६ जुलैला नक्कल तयार झाली. १ जुलै सोडला तर २ जुलै हा पहिला दिवस, आणि नव्वदावा दिवस येतो २९ सप्टेंबर. त्यात ३ ते १६ जुलै हे १४ दिवस मिळवा. शेवटची तारीख १३ ऑक्टोबर. आता तुम्ही १६ जुलैला तयार असलेली नक्कल ३० जुलैला जाऊन आणलीत, तर मधले दिवस तुमचे गेले. ते वगळून मिळत नाहीत. नक्कल विभागात चार हेलपाटे झाले तरी चालतील, पण तयार नक्कल टेबलावर पडून राहू देऊ नका.

पुष्कळांना वाटतं, नकलेचा वेळ वगळूनच मिळणार असेल तर अर्ज उशिरा केला म्हणून काय बिघडलं? तेही मोजून बघा. ३ जुलैला अर्ज केला तेव्हा मुदतीतला फक्त एक दिवस खर्च झालेला, नक्कल हातात पडल्यावर ८९ दिवस शिल्लक. तोच अर्ज २० सप्टेंबरला केला तर ८० दिवस आधीच गेलेले. नक्कल हातात पडली की उरतात १०. दहा दिवसांत हायकोर्टातला वकील शोधायचा, मराठी कागदांची भाषांतरं करायची, पैसे उभे करायचे. आणि मुदत संपल्यावर नकलेचा अर्ज केला तर वगळण्यासारखं काही उरतच नाही. शिवाय कलम १२ च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की नकलेचा अर्ज येण्याआधी कोर्टाला हुकूमनामा तयार करायला लागलेला वेळ वगळायचा नाही. म्हणजे हुकूमनामा तयार झालेला नसला तरी अर्ज देऊन ठेवायचा. "अजून डिक्री ड्रॉ झाली नाही, नंतर या," असं कुणी म्हणालं तरी अर्ज आत घ्यायला लावा आणि पोच घ्या.

शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर कलम ४ प्रमाणे कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. या सवलतीवर बेत आखू नये, एवढंच माझं म्हणणं.

सगळं अपील एका प्रश्नावर उभं राहतं

इथे जरा थांबून बोलतो, कारण बहुतेक सेकंड अपिलं इथेच पडतात.

जिल्हा कोर्ट हे वस्तुस्थितीबद्दलचं शेवटचं कोर्ट. कोण खरं बोललं, ताबा कुणाचा होता, पैसे दिले की नाही, हे तिथे ठरून संपतं. हायकोर्ट सेकंड अपिलात फक्त कायद्याचा सारभूत प्रश्न बघतं, ज्याला कोर्टात सगळे सब्स्टॅन्शियल क्वेश्चन ऑफ लॉ म्हणतात. १९७६ च्या दुरुस्तीने ही अट कलम १०० मध्ये आली. अपील मेमोमध्ये, म्हणजे अपिलाच्या अर्जात, तो प्रश्न नेमकेपणाने लिहायचा आणि न्यायमूर्तींना पटलं तर ते स्वतः तो प्रश्न मांडून अपील दाखल करून घेतात. पुढची सुनावणी त्याच प्रश्नावर होते. दुसरा एखादा प्रश्न निघाला तर कारणं नोंदवून तोही घेण्याची मुभा कोर्टाला आहे.

सारभूत म्हणजे काय, याची कसोटी मुंबईतल्याच एका वादातून आली. चुनीलाल मेहता विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये सांगितलं की प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा असावा किंवा पक्षकारांच्या हक्कांवर थेट आणि मोठा परिणाम करणारा असावा, आणि तो अजून पक्का सुटलेला नसावा किंवा त्यावर दोन मतं होण्याजोगी अडचण असावी. कायदा पक्का ठरलेला आहे आणि फक्त तो लावायचा आहे, तर तो प्रश्न सारभूत नाही. २००१ च्या संतोष हजारी प्रकरणात याची आणखी फोड केली आहे. तो निकाल वकिलाकडून मागून घेऊन वाचाच. प्रश्नाचा पाया दोन्ही बाजूंनी दाव्यात लेखी मांडलेल्या म्हणण्यात आणि खालच्या कोर्टांच्या निष्कर्षांत असायला हवं, हे त्यात आहे. हायकोर्टात जाऊन पहिल्यांदाच नवा मुद्दा काढला तर तो सहसा टिकत नाही.

आता प्रत्यक्षात कसं लिहितात ते बघा. मृत्युपत्राचा वाद आहे. पुतण्या म्हणतो काकांनी जमीन मला दिली, मुली म्हणतात मृत्युपत्र खोटं आहे. दोन्ही कोर्टांनी मृत्युपत्र खरं मानलं. मुलींच्या बाजूने पहिल्या मसुद्यात असं लिहिलेलं असतं: "खालच्या दोन्ही न्यायालयांनी पुराव्याचं मूल्यमापन चुकीचं केलं आहे का?" हा प्रश्न वाचून फाईल बंद होते. असा प्रश्न जगातल्या कुठल्याही दाव्यात विचारता येईल.

तेच असं लिहा: "मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सह्या करणारे दोघेही हयात आणि कोर्टात येण्याजोगे असताना त्यांच्यापैकी एकालाही न तपासता, केवळ दस्तलेखकाच्या साक्षीवर मृत्युपत्र शाबित झाल्याचा निष्कर्ष कायद्याने टिकतो का?" मृत्युपत्र शाबित करायला सही करणारा निदान एक साक्षीदार, तो हयात असेल तर, तपासावा लागतो. इथे कोण खरं बोललं हे हायकोर्टाला ठरवायचं नाही. कायद्याने जो पुरावा लागतो तो नसताना निष्कर्ष काढला, एवढंच दाखवायचं आहे. पहिल्या मसुद्यात आणि या वाक्यात तथ्य तेच, पण एक दार उघडतं आणि एक बंद होतं.

असे प्रश्न कुठे सापडतात? जिल्हा कोर्टाच्या निकालपत्रात. ते पेन्सिल घेऊन वाचा. शाबितीचा भार चुकीच्या पक्षावर टाकलाय का? फेरफार नोंदीलाच मालकीहक्क समजून निकाल दिलाय का? महसुली नोंदीने मालकी मिळत नाही, हे पुन्हा पुन्हा ठरलेलं आहे. नोंदणीकृत खरेदीखतातल्या अटींविरुद्ध तोंडी पुरावा घेतलाय का? ज्या निशाणीवर सगळा वाद आहे, तिचा निकालपत्रात उल्लेखच नाही असं आहे का? आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम ३१ प्रमाणे अपिलाच्या कोर्टाने मुद्दे काढून प्रत्येकावर कारणं द्यायची असतात. काही निकालपत्रांत खालच्या कोर्टाचा निकाल दोन पानं उतरवून शेवटी "मी सहमत आहे" एवढंच येतं. शेवटच्या वस्तुस्थितीच्या कोर्टाने स्वतः पुरावा तपासलाच नाही, हा चांगला मुद्दा होतो.

एखाद-दोन पक्के प्रश्न पुरतात. चौदा-पंधरा प्रश्नांची यादी करून दिली की कोर्टाला कळतं, यात एकही खरा नाही.

आणि निकालपत्र तीनदा वाचूनही असा प्रश्न सापडला नाही तर? मग वकिलाने तसं सांगायला हवं आणि तुम्ही ते ऐकायला हवं. मी अनेकांना परत पाठवलंय. वाईट वाटतं, पण पाच-सात वर्षं आणखी झुलत राहण्यापेक्षा शेजारी बसून वाटणी करणं बरं असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कुठल्या गावी दाखल करायचं

मुंबई हायकोर्ट एकाच गावी बसत नाही. विदर्भातल्या जिल्ह्यांचं अपील नागपूरला. मराठवाड्याचे जिल्हे आणि अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार यांचं छत्रपती संभाजीनगरला. गोव्याचं पर्वरीला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांच्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या माणसाला रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची गरज उरली नाही. पुणे, नाशिक, ठाणे, पालघर, रायगड, मुंबई यांचं मुंबईला. आधी मुंबईत दाखल झालेलं तुमचं जुनं प्रकरण असेल तर ते आता कुठे चालू आहे, हे नंबर टाकून तपासून घ्या.

संच लावणे

संच म्हणजे अपिलाचे सगळे कागद. त्यातला पहिला अपील मेमो. त्यात दाव्याची कहाणी लांबवायची नाही. आदेश ४१ नियम १ प्रमाणे हरकतीचे मुद्दे थोडक्यात, वेगवेगळे आणि क्रमांक घालून लिहायचे, युक्तिवाद करायचा नाही. त्याआधी घटनाक्रमाचा तारीखवार तक्ता आणि एक-दोन पानांचा गोषवारा. मग कायद्याचे प्रश्न, हरकतीचे मुद्दे, शेवटी मागणी. सोबत दोन्ही कोर्टांचे निकाल, वकीलपत्र, वकिलांच्या कल्याण निधीचं तिकीट, कोर्टफी आणि तुमच्या पत्त्याचा मेमो.

पक्षकारांची नावं हुकूमनाम्याशी ताडून बघा. खालच्या कोर्टात प्रतिवादी क्रमांक ७ होता, तो तुमच्या बाजूचाच आहे म्हणून त्याला वगळू नका. तोही पक्षकार हवा. मयत माणसांची चौकशी आत्ताच करा. जिल्हा कोर्टात अपील चालू असताना कुणी वारलं असेल आणि वारस रेकॉर्डवर घेतले नसतील, तर मोठी गुंतागुंत होते. हायकोर्टात अपील चालू असताना कुणी वारलं तर ९० दिवसांत वारस लावण्याचा अर्ज करायचा. तो राहिला तर त्याच्यापुरतं अपील आपोआप संपतं आणि ते परत उभं करायला पुढचे ६० दिवस मिळतात. गावात कुणाची तिरडी उठली की कोर्टाची आठवण काढणं कठीण वाटतं, पण ती काढावी लागते.

भाषांतराचं काम पक्षकारांच्या ध्यानात येत नाही. तालुका आणि जिल्हा कोर्टात मराठीतून कामकाज होतं, हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीतून. मराठीतली खरेदीखतं, साक्षी, कधी कधी निकालपत्रसुद्धा भाषांतरित करून लावावं लागतं. मोडीतला दस्त असेल तर आधी लिप्यंतर, मग भाषांतर. यात आठवडे जातात. तेव्हा नकला मिळाल्या त्याच दिवशी हे काम कुणाकडे तरी सोपवा. आणि भाषांतर स्वतः मूळ कागदाशी लावून वाचा. एका भाषांतरात "वहिवाट" या शब्दाला मालकी म्हटलेलं मी पाहिलंय. वहिवाट आणि मालकी या दोन शब्दांमधल्या फरकावरच तो सगळा दावा उभा होता.

कोर्टफी

महाराष्ट्र कोर्ट फी कायदा, १९५९ प्रमाणे अपिलाच्या मूल्यांकनावर लागते, आणि मूल्यांकन बहुधा दाव्यात जे होतं तेच राहतं. ऑनलाइन ग्रास प्रणालीतून भरता येते. स्त्री पक्षकारांना पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसा आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत १ ऑक्टोबर १९९४ च्या शासन अधिसूचनेने कोर्टफी माफ आहे. ही माफी मागावी लागते आणि तसं मेमोत लिहावं लागतं. हायकोर्टाची विधी सेवा समिती आहे, तिथे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, तुरुंगातली माणसं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

दाखल करणे, स्टॅम्प नंबर आणि हरकती

आता इ-फायलिंगने संच चढवतात. पीडीएफ सरळ, वाचता येणारी, शोधता येणारी हवी. पानांना सलग क्रमांक हवेत. मोबाईलने काढलेले वाकडे फोटो चालत नाहीत. दाखल झालं की आधी एक स्टॅम्प नंबर मिळतो. तो अपिलाचा खरा नंबर नव्हे. पक्षकार तो नंबर वहीत लिहून निवांत होतात, "हायकोर्टात केस लागली" असं गावात सांगतात.

प्रत्यक्षात त्यानंतर कार्यालय संच तपासतं आणि हरकती काढतं. पान ४३ पुसट, नकलेवरची तारीख दिसत नाही, प्रतिवादी ३ चा पिनकोड नाही, भाषांतर नाही, कोर्टफी कमी. या हरकती ठरलेल्या वेळेत दूर केल्या तरच अपिलाला कायमचा नंबर पडतो. नाही केल्या तर मुद्द्यावर एक शब्दही न बोलता अपील निकाली निघतं, मग ते परत उभं करायला वेगळा अर्ज. वकिलाला दर पंधरा दिवसांनी फोन करून एकच प्रश्न विचारा: ऑफिस ऑब्जेक्शन निघाल्या का? स्टॅम्प नंबर हायकोर्टाच्या संकेतस्थळावर टाकून स्थिती स्वतःही बघता येते.

स्वतःच स्वतःची बाजू मांडायची असेल तर रजिस्ट्रीतल्या अधिकाऱ्यांची समिती तुमच्याशी बोलून तसं प्रमाणपत्र देते, त्यानंतर पुढे जाता येतं. सेकंड अपिलात मी हा सल्ला कुणालाही देत नाही.

दाखल करण्याआधी विरुद्ध बाजूने कॅव्हेट घातलंय का तेही शोधा. जिंकलेला पक्षकार जागरूक असेल तर तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज, घालून ठेवतो, ते ९० दिवस टिकतं. असेल तर अर्जाची प्रत त्याला आधी द्यावी लागते, आणि त्याला न ऐकता स्थगिती मिळत नाही.

उशीर झालाच असेल तर

अपिलासोबतच विलंब माफीचा अर्ज द्यायचा, शपथपत्रासह. आदेश ४१ नियम ३अ ची तशी सक्ती आहे. उशीर नेमका किती दिवसांचा ते मोजून लिहा. कारण खरं लिहा आणि त्याला कागद जोडा: दवाखान्याचे कागद, मृत्यूचा दाखला, नकलेवरच्या तारखा. १९८७ च्या कातिजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उदार दृष्टी ठेवायला सांगितलं आहे, पण त्याचा अर्थ "अशिक्षितपणामुळे उशीर झाला" या एका ओळीवर सगळं माफ होतं असा नाही. आणि याच नियमाने, उशिराच्या अपिलात सुनावणी होऊन कोर्ट ते ऐकायचं ठरवत नाही तोवर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला स्थगिती देता येत नाही. त्या आजोबांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. अर्ज चालू होता आणि इकडे दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या कामात, बेलिफ मोजणीला येऊन उभा राहिला.

स्थगिती

अपील दाखल झालं म्हणजे हुकूमनामा थांबला, असं नसतं. आदेश ४१ नियम ५ मध्ये ते स्पष्ट आहे. वेगळा अर्ज करून दाखवावं लागतं की स्थगिती नाही मिळाली तर मोठं नुकसान होईल, आपण वेळ न दवडता आलोय, आणि लागेल ती हमी द्यायला तयार आहोत. पैशांच्या हुकूमनाम्यात रक्कम भरायची तयारी ठेवा.

इथे एक घोळ नेहमी होतो. तुमचाच दावा फेटाळला गेला असेल तर स्थगिती मागून काहीच हाती लागत नाही. फेटाळलेल्या दाव्यात अंमलात आणण्यासारखं काही नसतं, मग थांबवणार काय? तिथे समोरच्याने जमीन विकू नये, बांधकाम करू नये, असा मनाई हुकूम किंवा जैसे थे परिस्थितीचा आदेश मागायचा. आणि जमिनीचा वाद असेल तर महाराष्ट्रात दावा प्रलंबित असल्याची लिस पेंडन्सची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवा. आपल्याकडे ती नोंदवल्यावरच नंतरच्या खरेदीदाराला बांधते. दाव्याच्या वेळी नोंदवली असेल तरी त्यात सगळे गट नंबर आहेत ना, हे इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) काढून बघा.

बोर्डावर आलं त्या दिवशी

पहिली सुनावणी अ‍ॅडमिशनची. अपील ऐकायला घ्यायचं की नाही, ते तिथे ठरतं, आणि ती बऱ्याचदा काही मिनिटांत संपते. न्यायमूर्तींनी विचारलं "प्रश्न काय आहे?" की वकिलाला एका वाक्यात उत्तर देता आलं पाहिजे, आणि त्या वाक्याला आधार देणारं निकालपत्रातलं पान बोटाखाली पाहिजे. आदल्या संध्याकाळी वकिलासोबत बसून निशाणीची पानं एकदा लावून घ्या. त्या निशाणीचा कागद तुमच्या घरच्या पेटीतला आहे, त्याची गोष्ट तुमच्याइतकी कुणाला माहीत नाही.

प्रश्न मांडला गेला, नोटीस निघाली, की समोरच्यांचे पत्ते बरोबर द्या आणि बजावणीचा भत्ता लगेच भरा. मुंबईला राहायला गेलेल्या पुतण्याला गावच्या पत्त्यावर नोटीस पाठवून तीन तारखा वाया घालवू नका. नोटीस मिळाल्यावर समोरच्यालाही महिनाभरात, आपल्या विरुद्ध गेलेल्या भागापुरती, प्रतिहरकत घेता येते. त्याची तयारी ठेवा.

स्थगिती मिळाली तर आदेशाची प्रत तिथेच मागा आणि त्याच दिवशी दरखास्त चालू असलेल्या कोर्टात पाठवा. स्थगिती अंमलात येते ती मूळ कोर्टाला कळवल्यापासून. प्रत हातात यायला वेळ लागणार असेल तर नियम ५ च्या स्पष्टीकरणात सोय आहे: आदेश झाल्याचं स्वतःच्या माहितीवरून शपथपत्र अपिलकर्त्याने दिलं, तर मूळ कोर्टाने त्यावर विसंबून थांबायचं असतं. म्हणून सुनावणीच्या दिवशी घरातला एक माणूस हायकोर्टात असावा आणि दुसरा तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात, वकिलाजवळ, शपथपत्राचा कोरा मसुदा तयार ठेवून.

आजोबांचा उशीर अखेर माफ झाला आणि स्थगिती मिळाली, त्या दिवशी त्यांची नात मुंबईत माझ्यासोबत होती. तिने फोन केला तेव्हा आजोबा तालुक्याच्या कोर्टात सकाळपासून बाकावर बसलेले होते. शपथपत्रावर त्यांनी सही केली, आणि दुपारच्या बोर्डात दरखास्त पुढे ढकलली गेली.